स्टोनहेंजची २०-२१ जूनची रात्र : सूर्य सोडून बाकी सगळ्यासाठी जा

स्टोनहेंज म्हणजे इंग्लंडमधलं साडेचार हजार वर्षांपूर्वीचं उभ्या दगडांचं वर्तुळ, आणि २१ जून हा तिथला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आधी निकाल सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा गर्दीने खाल्ला, अर्धा पहाटेच्या गारठ्याने. आणि ज्या सूर्योदयासाठी अख्खं जग तिथे जमतं, तो माझ्या हिशेबात सगळ्यात शेवटी येतो. आदल्या संध्याकाळी पोहोचा, दगडांच्या आत जाऊन या, ड्रुइड म्हणवणाऱ्या निसर्गपूजकांचा विधी जवळून बघा, नशिबात असेल तर एखादं लग्न गाठा. एवढं पदरात पडलं की मग सूर्य उगवला काय, ढगात दडून बसला काय, पैसे वसूल. पैसे म्हणजे तरी काय, गाडी लावायचे. आत जायला तिकीट नाही.

मी मूळची कोल्हापूरची, आता स्विंडनला असते. इथून स्टोनहेंज गाडीने तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे पाहुणे आले की दाखवायला नेतोच. पण २०२५ च्या जूनमध्ये सासूबाई आल्या होत्या आणि त्यांनी हट्टच धरला, "त्या दिवशीच जायचं. मोबाइलवर बघितलंय मी, पांढऱ्या झग्यातले म्हातारे असतात." शेजारची मडगावची बाईही तयार झाली. (स्विंडनमध्ये गोव्याची माणसं इतकी आहेत की भाजीच्या दुकानात कोकणीत घासाघीस चालते.) नवरा म्हणाला, रात्रभर उभं राहायचं असेल तर मी घरी बरा. म्हणजे आम्ही तिघी.

ज्यांनी स्टोनहेंज एरवी पाहिलंय त्यांना माहीत असेल, तिकीट काढून आत गेलं तरी दगडांच्या जवळ जाऊ देत नाहीत. दोरीच्या बाहेरून चक्कर मारायची, फोटो काढायचे, परत यायचं. वर्षातून चार वेळा, म्हणजे मोठ्या दिवसाला, लहान दिवसाला आणि दिवसरात्र सारखी असतात त्या दोन वेळांना, इंग्लिश हेरिटेज ही संस्था सगळ्यांना थेट दगडांमध्ये जाऊ देते. त्यातला जूनचा कार्यक्रम रात्रभराचा. आम्ही गेलो त्या वर्षी २० तारखेला संध्याकाळी सातला फाटक उघडलं आणि २१ ला सकाळी आठला बंद. नियम बरेच आहेत. दारू नाही, काचेची बाटली नाही, तंबू नाही, शेकोटी नाही, मेणबत्तीसुद्धा नाही, ड्रोन नाही, मोठी सॅक नाही, आणि दगडांवर चढायचं तर अजिबात नाही. घरचं खाणं चालतं. मी थालीपिठं आणि दह्याचा डबा नेला होता.

स्विंडनहून जाणाऱ्यांनी मार्लबरोवरून प्यूझीकडचा रस्ता घ्यावा. मोठ्या रस्त्यांपेक्षा वेळ थोडा जास्त लागतो, पण मार्लबरो सोडलं की उजव्या हाताला वेस्ट वुड्सचं रान राहतं, आणि २०२० मध्ये संशोधकांनी दगडातल्या मूलद्रव्यांची तपासणी करून ठरवलं की स्टोनहेंजचे बहुतेक मोठे दगड, ज्यांना सार्सन म्हणतात, ते याच रानातून गेले. सरासरी २५ टनांचा एकेक दगड, सुमारे २५ किलोमीटर ओढत नेलेला, आणि तेही साडेचार हजार वर्षांपूर्वी. सासूबाईंनी खिडकीतून रानाकडे बघत विचारलं, "मग इथंच का नाही बांधलं?" मी म्हटलं, आई, हे तर जवळचे. आतल्या बाजूचे लहान दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून आणलेत, दोनशे किलोमीटरच्या वरून. आणि मधोमध जो आडवा पडलाय तो तर स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाचा निघाला, २०२४ मध्ये कळलं, साडेसातशे किलोमीटर. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुणीतरी लई हट्टी असणार."

गाड्या शेतात लावतात. तिथून दगडांपर्यंत चांगलं अर्धा तास चालणं आहे. सासूबाई रोज रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या, त्यांना काही वाटलं नाही. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी मात्र आधी चौकशी करून जावं. गाडी नसेल तर सॉल्झबरी स्टेशनवरून बस सुटतात, तोही मार्ग चांगला. पिशव्या तपासतात तिथे थोडं थांबावं लागतं, डबा उघडून दाखवावा लागतो. तपासणाऱ्या पोराने थालीपिठाचा वास घेऊन मान डोलावली आणि आम्ही आत.

आत गेल्यावरचा पहिला अर्धा तास, म्हणजे या सगळ्या प्रकाराचा अर्क. संध्याकाळचे साडेसात-आठ, ऊन अजून चांगलं वर, गर्दी विरळ. लांबून जे दगड राखाडी आणि गुळगुळीत वाटतात ते जवळून तसे मुळीच नाहीत. खड्डे, खाचा, पिवळट आणि हिरवट दगडफुलाचे ठिपके, काही ठिकाणी इतके दाट की दगड दिसतच नाही. त्या आठवड्यात इंग्लंडात उष्णतेची लाट होती, त्यामुळे पश्चिमेकडची बाजू अंगाला लागली की तापलेली भिंत वाटत होती आणि तोच दगड मागून थंडगार. लोक दगडांना कपाळ टेकून उभे, कुणी मिठी मारलेली. एक धिप्पाड माणूस, दंडावर फुटबॉल क्लबचं गोंदण, डोळे मिटून दगडाला पाठ लावून बसला होता. त्याच्या शेजारी त्याची बायको क्रॉसवर्ड सोडवत होती.

५३ नंबरचा दगड नक्की शोधा. मधल्या नालाच्या आकाराच्या रचनेतला एक उभा दगड, त्याच्या आतल्या अंगावर खंजीर कोरलाय. शिवाय कुऱ्हाडींची पाती आहेत. शतकानुशतकं लोक बघत होते, पण १९५३ मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन या पुरातत्त्वज्ञाच्या लक्षात येईपर्यंत कुणालाच तो दिसला नाही. तो बिचारा खरं तर त्याच दगडावरच्या सतराव्या शतकातल्या कोरलेल्या नावाचा फोटो काढायला गेला होता. (दगडावर नाव कोरायची हौस फक्त आपल्या गडकिल्ल्यांवरच आहे असं कुणी समजू नये.) मलाही आधी काही दिसेना. तिथे स्वयंसेवक फिरत असतात, शांततारक्षक म्हणून जाकीट घातलेले. त्यातल्या एका आजोबांनी मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा धरला, आणि सावलीतून तो खंजीर वर आला. वीतभर असेल नसेल. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. मुठीकडची गोलाईसुद्धा स्पष्ट. सरळ उजेड टाकला की गायब. मडगावकरीण तीनदा टॉर्च फिरवून बघत बसली, मागे रांग लागली तरी हलेना.

आता ड्रुइड. सूर्यास्ताच्या आसपास एका बाजूला माणसं गोल करून उभी राहायला लागली. कुठे फलक नाही, वेळापत्रक नाही, घोषणा नाही. वेगवेगळे गट आपापल्या वेळी आपापलं करतात, त्यामुळे पांढरे झगे दिसले की त्यांच्या मागे जायचं, हाच मार्ग. झगे पांढरेच असतात असंही नाही, निळे होते, हिरवे होते, एकाचं चक्क पडद्याचं कापड वाटत होतं. झग्याखाली बहुतेकांचे स्पोर्ट्स शूज. हातात काठ्या, डोक्यावर ओकच्या पानांची नाहीतर रानफुलांची कडी. मधे उभ्या असलेल्या बाईने चारी दिशांना तोंड करून प्रत्येक दिशेला शांती मागितली आणि गोलातल्या सगळ्यांनी दरवेळी एका सुरात होकार भरला. मग तीन वेळा एक लांब सूर लावतात, आ-ऊ-एन असा काहीसा, वेल्श भाषेतला. प्रेरणेला केलेलं आवाहन आहे ते. आपल्या ओंकाराशी याचं नातं लावायचा मोह आवरा, काही संबंध नाही. शेवटी पाव आणि सफरचंदाचा रस सगळ्या गोलातून फिरला. एरवी मधाची दारू फिरते म्हणे, पण इथे दारूबंदी. पाव आमच्यापर्यंतही आला. बघ्यांना वगळलं नाही, हे मला फार आवडलं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि माझ्या कानाशी लागल्या, "ह्यांचा देव कुठाय गं?"

मी शेजारच्या एका ड्रुइड बाईला विचारलं. साठीची असेल, झग्यावरून वाचायचा चष्मा लटकत होता. ती म्हणाली, आमच्यात कुणी सूर्याला मानतं, कुणी देवीला मानतं, कुणी नुसत्या झाडांना आणि मातीला, आणि काही जण काहीच मानत नाहीत पण न चुकता येतात. मी भाषांतर केलं. सासूबाईंचा पुढचा प्रश्न, "मग भांडणं होत नाहीत?" तेही मी विचारलं. ती बाई खळखळून हसली आणि म्हणाली, खूप होतात.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी, कारण आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दर जूनला "पाच हजार वर्षांची अखंड परंपरा" असं काहीतरी फिरतं. तसं काही नाही. स्टोनहेंज बांधलं गेलं त्यानंतर जवळपास दोन हजार वर्षांनी ड्रुइड नावाच्या पुरोहितांचा उल्लेख मिळायला लागतो, तोही रोमन आणि ग्रीक लेखकांकडून. ड्रुइडांनी स्वतः लिहून काहीच ठेवलं नाही. दगड आणि ड्रुइड यांची गाठ मारली ती सतराव्या-अठराव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी, आधी जॉन ऑब्री आणि मग विल्यम स्टुकली. जून १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर एडवर्ड विल्यम्स नावाच्या वेल्श पाथरवटाने खडे मांडून गोल केला आणि "हा आमचा प्राचीन विधी" म्हणून जाहीर केलं. गडी हुशार होता, जुनी हस्तलिखितं स्वतःच रचायचा. पण त्याने लिहिलेली प्रार्थना आजही ड्रुइड म्हणतात. १९०५ मध्ये एका ड्रुइड मंडळाने स्टोनहेंजलाच मोठा दीक्षासोहळा केला, खोट्या दाढ्या लावून. आजचे जे पेगन, म्हणजे ख्रिस्तीपूर्व निसर्गपूजेची वाट धरणारे, वर्षाचे आठ सण पाळतात, ते आठांचं चक्र तर विसाव्या शतकाच्या मध्यात जुळवलेलं.

आणि तरीही मला ते खोटं वाटलं नाही. त्या बाईला हे सगळं माझ्याहून जास्त माहीत होतं, तिनेच मला खोट्या दाढ्यांचं सांगितलं. २०१० मध्ये ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धर्मादाय आयोगाने धार्मिक संस्था म्हणून नोंदवलं. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन लिहिलं. म्हणजे हा निव्वळ वेषभूषेचा कार्यक्रम नाही. आम्ही हे नव्याने केलंय असं उघड सांगून मनापासून करणारी माणसं मला तरी धर्माच्या बाबतीत फारशी भेटत नाहीत.

लग्नाचं सांगायचं राहिलं. रात्री दहाच्या सुमारास, आकाशात उजेड अजून होता, बाहेरच्या बाजूला हँडफास्टिंग लागलं. नवरा-नवरी एकमेकांचे हात धरतात आणि लावणारी व्यक्ती त्यावर दोर गुंडाळते. इथे तीन दोर होते. एक लाल लोकरीचा, एक हिरवी रिबीन, आणि तिसरा चक्क डोंगर चढायचा नायलॉनचा दोर, कारण दोघंही गिर्यारोहक. तो जाडजूड दोर काही केल्या गाठीत बसेना. लावणारा माणूस दातात काठी धरून दोन्ही हातांनी ओढतोय, नवरी हसून हसून वाकलेली, आणि शेवटी नवऱ्यानेच मोकळ्या हाताने गिर्यारोहकांची कसलीशी गाठ घातली तेव्हा ती बसली. मग दोघांनी जमिनीवरच्या झाडूवरून उडी मारली. इंग्लंडच्या कायद्यात या लग्नाला किंमत नाही, नोंदणी वेगळी करावी लागते. शपथ जन्मभराची घेता येते किंवा एक वर्ष आणि एक दिवसाची. यांनी दुसरी घेतली.

"आणि मग?" सासूबाई.

"मग पुन्हा ठरवायचं, आई."

"बरंय," म्हणाल्या, आणि कोल्हापुरातल्या कुणाकुणाला ही सोय हवी होती याची यादी करायला लागल्या. ती इथे देत नाही.

मडगावकरणीचं लक्ष मात्र सगळा वेळ डोक्यावरच्या फुलांच्या कड्यांकडे. "हें तर आमचें कोपेल!" असं ती येताजाताना म्हणत होती, आणि ते काही उगाच नव्हतं. २४ जूनला गोव्यात सांजांव असतं, सेंट जॉनचा सण. फुलापानांचं कोपेल डोक्यावर घालून माणसं विहिरींत उड्या मारतात, नव्या जावयांचं कौतुक होतं, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. चर्चने सेंट जॉनचा जन्मदिवस याच दिवसांत धरला आणि युरोपातल्या मोठ्या दिवसाच्या रूढी, शेकोट्या आणि फुलं, त्या सणाला येऊन चिकटल्या. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात उतरला. "गोंयांत जूनांत शेकोटी खंय पेटता?" ती म्हणाली. "म्हणून आमी उडी मारतांव." एका पोरीने तिला आपलं डेझीच्या फुलांचं कडं काढून दिलं. ते घालूनच ती रात्रभर फिरली.

स्वयंसेवक इतके नम्र आणि पोलिस इतके मवाळ का, याला एक जुना हिशेब आहे. १९७४ पासून दर जूनला इथे फुकट संगीत महोत्सव भरायचा, दरवर्षी फुगत गेलेला. १९८५ मध्ये त्यावर बंदी आली, आणि १ जूनला स्टोनहेंजकडे निघालेल्या भटक्यांच्या गाड्यांचा ताफा पोलिसांनी वाटेत अडवला. एका घेवड्याच्या शेतात मारहाण झाली, गाड्यांच्या काचा फुटल्या, ५३७ जणांना अटक झाली. त्यानंतर कित्येक वर्षं मोठ्या दिवसाला दगडांभोवती नाकेबंदी. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, पीठाने निकाल दिला की सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे जमणं हा गुन्हा होत नाही, आणि २००० पासून दगड पुन्हा खुले झाले. या लढ्यातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा म्हणजे आर्थर पेंड्रॅगन. माजी सैनिक, स्वतःला दंतकथेतल्या राजा आर्थरचा अवतार म्हणवतो आणि नावही कायदेशीरपणे बदलून घेतलेलं. पार्किंगचे पैसे घेणं म्हणजे प्रार्थनेवर कर आहे म्हणून तो कोर्टात गेला आणि हरला. वेडा म्हणून सोडून द्यायला सोपा माणूस, पण आज आपण दोरी ओलांडून आत जातो त्यात त्याच्यासारख्यांचा वाटा आहे.

रात्रीबद्दल थोडक्यात. अकरानंतर गर्दी वाढत जाते आणि दगडांच्या आत ढोल सुरू होतात. ध्वनिवर्धकाला बंदी, त्यामुळे सगळं हातचं. ज्यांना आवडतं त्यांनी आत नाचावं. मला तासाभराने डोकं धरलं. बाहेर गवतावर चादर टाकून बसावं, तिथून तो आवाज छान लागतो. खायच्या गाड्या असतात, पण एका गाडीवर चिप्सच्या पुडीला जे पैसे घेतले त्यात घरी चौघांचं जेवण होईल. डबा न्या. दिवसा कितीही उकडलं असलं तरी पहाटे तीनला त्या माळावर दव पडतं आणि वारा अडवायला एक झाड नाही. सासूबाईंना मी दोन स्वेटर आणि वर शाल घालायला लावली होती, त्याच एकट्या कुडकुडल्या नाहीत. अंधार असा पूर्ण होतच नाही, उत्तरेकडे क्षितिजावर फिकट पट्टा रात्रभर टिकून असतो.

आणि सूर्योदय. पावणेपाच वाजून गेले की येतो. २०२५ ला सुमारे २५ हजार माणसं होती आणि आकाश स्वच्छ, म्हणजे याहून चांगला योग नाही. तरी मी वर्तुळाच्या मध्याजवळ उभी असून मला काय दिसलं? वर केलेले मोबाइल. ईशान्येला हील स्टोन नावाचा एकटा दगड बाहेर उभा आहे, त्याच्या डाव्या अंगाने सूर्य वर येतो. मला ना हील स्टोन दिसला ना सूर्याची पहिली कड. आरोळी उठली म्हणून कळलं की उगवला. कपाळावर ऊन आलं ते चांगलं पाच मिनिटांनी. ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी मध्यात घुसू नये, उलट नैऋत्येला वर्तुळाच्या बाहेर, थोडं मागे उभं राहावं. दगडांच्या फटीतून ऊन येताना तिथून दिसतं. आमची मडगावकरीण तिथेच होती, तिचे फोटो उत्तम आले.

सासूबाईंची खरी निराशा इथे झाली. त्या दरवर्षी अंबाबाईचा किरणोत्सव न चुकता बघणाऱ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांना लागतात, मग वर चढत जातात, आणि कुठे पोहोचली ते मिनिटांनिशी पेपरात छापून येतं. त्यांनी विचारलं, "मग किरण नेमकं पडलं कशावर?" म्हटलं, तसं एका ठिकाणी पडायचं नसतं, रेषा जुळते. "हां," म्हणाल्या, पण पटलं नाही. आता यातली गंमत अशी की पुरातत्त्ववाल्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं, मूळ बांधणाऱ्यांचा मोठा उत्सव जूनमध्ये नव्हताच. हीच रेषा उलट्या बाजूने धरली की डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसाचा सूर्यास्त साधते. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या प्राचीन वस्तीच्या जागी उत्खननात डुकरांचे दात सापडले, त्यांवरून बरीच जनावरं नऊ महिन्यांच्या आसपास, म्हणजे वसंतात जन्मलेली असतील तर ऐन हिवाळ्यात, कापलेली दिसतात. तेव्हा २५ हजार माणसं कदाचित सहा महिने लवकर येतात.

म्हणूनच लहान मुलं असतील, किंवा रात्र काढणं झेपत नसेल, तर डिसेंबरात जा. तेव्हाही प्रवेश मोकळा, सूर्य आठनंतर उगवतो, रात्र घरी झोपून जाता येतं आणि माणसंही जूनच्या मानाने कमी. जूनच हवा पण गर्दी नको, तर एव्हबरी बघा. स्टोनहेंजच्या उत्तरेला, स्विंडनहून आणखी जवळ. दगडांचं वर्तुळ इतकं मोठं की अर्धं गाव आणि एक पब त्याच्या आत बसलाय. दगड स्टोनहेंजसारखे घडवलेले नाहीत, ओबडधोबड आहेत, पण दोरी कधीच नसते आणि मोठ्या दिवसाला तिथेही ड्रुइड जमतात.

एक इशारा. लंडनच्या हाउन्स्लोला राहणारी माझी पुण्याची मैत्रीण एका प्रवास कंपनीच्या बसने आली होती. नाव लिहीत नाही. जाहिरातीत "दगडांच्या आत खास प्रवेश" असं ठळक छापलेलं, जणू तो त्यांनीच मिळवून दिला. जो प्रवेश सगळ्यांना फुकट आहे. बस लंडनहून उशिरा सुटली, पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले, म्हणजे सूर्यास्ताचा विधी गेला, लग्न गेलं, रिकाम्या दगडांत फिरणं गेलं. आणि सकाळी साडेपाचला "ट्रॅफिक लागेल" म्हणून सगळ्यांना परत बसमध्ये कोंबलं. तिला मिळालं काय, तर ढोल, थंडी आणि मोबाइलांचं रान. ती म्हणते स्टोनहेंज फालतू आहे, आणि तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. लंडनहून येणार असाल तर दुपारची रेल्वे धरून सॉल्झबरीला उतरा आणि पुढे बस घ्या.

पहाटे निघायची घाई करू नका. सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि ए३०३ या मोठ्या रस्त्यावर मुंगीच्या पावलांनी सरकतात. शिवाय रात्रभर जागून लगेच गाडी चालवणं धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको. आम्ही आठपर्यंत थांबलो. सहानंतर गर्दी झपाट्याने ओसरते आणि दगडांमध्ये पुन्हा मोकळं फिरता येतं, ऊन तिरपं असतं, फोटो तेव्हाच काढावेत. सासूबाईंनी ५३ नंबरचा खंजीर परत एकदा बघून घेतला, या वेळी टॉर्चशिवाय सापडला. मग गाडीत सीट मागे पाडून दीड तास झोप, उरलेली थालीपिठं, आणि दहाला निघालो तर रस्ता मोकळा.